एफ१ दाबलं की उघडतं ते पान कुठून येतं?

जुन्या एखाद्या सॉफ्टवेअरची हेल्प फाइल कुणीतरी ईमेलने पाठवतं. आपण ती उतरवून घेतो, डबल-क्लिक करतो. डावीकडे प्रकरणांची यादी नीट दिसते, उजवीकडची चौकट मात्र कोरी, नाहीतर पान उघडता आलं नाही असा निरोप. फाइल बिघडली असं समजून बहुतेक जण ती टाकून देतात. फाइल ठणठणीत असते. तिच्यावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, तळाशी ‘अनब्लॉक’ असा चौकोन दिसेल, त्यावर टिक करा, ‘ओके’ म्हणा आणि फाइल पुन्हा उघडा. तरीही कोरंच दिसलं तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या नावात # हे चिन्ह आहे का ते पाहा. फाइल ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर असेल तर आधी आपल्या संगणकावर कॉपी करून घ्या.

हे तीन उपाय वेगवेगळे वाटले तरी त्यांचं मूळ एकच आहे. ते समजून घेण्यासाठी हेल्प कशी तयार होते हे पाहावं लागतं, आणि ते पाहण्याला सध्या आणखी एक निमित्त आहे. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात आता एआय चॅटबॉट बसलेला असतो. ‘विचारा, मी सांगतो’ म्हणणारा मदतनीस असताना हेल्पची पानं कोण लिहिणार आणि कोण वाचणार, असा प्रश्न साहजिकच पडतो. पण तो चॅटबॉट जे सांगतो ते तो कुठून तरी वाचूनच सांगतो. ते ‘कुठून तरी’ ज्या साधनात तयार होतं, त्याला हेल्प ऑथरिंग सॉफ्टवेअर म्हणतात.

वर्ड असताना वेगळं साधन कशाला?

एका पानाची सूचना लिहायची असेल तर खरंच गरज नाही. गरज पडते ती गुणाकार सुरू झाला की. समजा, एका सॉफ्टवेअरच्या ३ आवृत्त्या आहेत: साधी, व्यावसायिक आणि टॅबलेटवरची. प्रत्येकीची हेल्प वेबवर हवी आणि पीडीएफमध्येही हवी. भाषा ५. झाली ३० पुस्तकं. यातला ९० टक्के मजकूर एकच. आता डेव्हलपरने एका बटणाचं नाव ‘पाठवा’वरून ‘सादर करा’ असं केलं. ते नाव ४० पानांवर आलेलं असेल, तर ३० फाइलींमध्ये ४० ठिकाणी शोधा आणि बदला. एखादं राहून जातंच, आणि वापरणारा नेमका तिथेच येऊन अडतो.

हेल्प ऑथरिंग साधन हा गुणाकार उलटा करतं. मजकूर एकदाच लिहायचा आणि त्यातून हवी तेवढी आउटपुटं काढायची. यासाठी चार गोष्टी लागतात. नावं इंग्रजीतूनच रुळली आहेत, ती एकदा समजून घेतली की पुढे अडचण येत नाही.

टॉपिक म्हणजे एका प्रश्नाचं एक उत्तर. ‘पासवर्ड बदलणे’ हा टॉपिक, ‘सुरक्षा’ हा नाही. स्निपेट म्हणजे रबरी शिक्का: ‘आधी बॅकअप घ्या’ ही सूचना एकदा कोरायची आणि २५ टॉपिकांत उमटवायची. शिक्का बदलला की सगळे ठसे बदलतात. व्हेरिएबल म्हणजे छापील अर्जातली रिकामी जागा, जिथे सॉफ्टवेअरचं नाव किंवा आवृत्तीचा आकडा येऊन बसतो. आणि कंडिशन म्हणजे चाळणी: मजकुराच्या एखाद्या तुकड्यावर ‘फक्त टॅबलेट’ अशी खूण लावायची, म्हणजे इतर आउटपुटांतून तो गाळला जातो.

ऐकायला सोपं आहे, पण चाळणीत हात भाजतात. ‘पासवर्ड बदलणे’ याच्या ६ पायऱ्या आहेत, त्यातली चौथी फक्त टॅबलेटसाठी. नवखा लेखक त्या पायरीतलं वाक्य निवडतो आणि खूण लावतो. संगणकाच्या आउटपुटमध्ये वाक्य जातं, पण यादीतला ‘४.’ हा आकडा रिकामा उभा राहतो, कारण खूण वाक्याला लागली, पायरीला नाही. खूण पूर्ण परिच्छेदाला, म्हणजे यादीच्या त्या अख्ख्या घटकाला लागायला हवी. दुसरी चूक याहून छुपी असते. एक अख्खा टॉपिक टॅबलेटपुरता केला, पण त्याच्याकडे नेणारी लिंक दुसऱ्या एका सर्वसाधारण टॉपिकमध्ये राहिली. संगणकाच्या हेल्पमध्ये ती लिंक कुठेच जात नाही. बहुतेक साधनं बिल्डच्या वेळी, म्हणजे आउटपुट बांधताना, तुटलेल्या लिंकची यादी देतात. ती प्रत्येक आउटपुटसाठी वेगळी वाचायची असते, आणि नेमका हाच कंटाळा केला जातो.

आणखी एक: कंडिशन जितक्या कमी, तितकं बरं. ४ खुणा असल्या तरी त्यांच्या असण्या-नसण्याच्या जुळण्या १६ होतात. सगळ्या १६ कुणी तपासून पाहत नाही.

तळटिपांमध्ये लपलेला प्रोग्रॅम

संगणकावरच्या मदतीची सुरुवात कागदावर झाली. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेली. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान आणि प्रत्येक पानावर तेच मथळे: नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा. शेवटी ‘बग्ज’, म्हणजे यात काय बिघडतं ते, आणि ‘ओनर’, म्हणजे याला जबाबदार कोण. आजच्या चकचकीत हेल्पमध्ये हे शेवटचे दोन मथळे सापडणं कठीण आहे, आणि त्यांची उणीव भासते.

पुढे घरोघरी आणि कचेऱ्यांत छोटे संगणक आले. १९८३च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये एफ१ दाबलं की तुम्ही ज्या कामात आहात त्याचीच मदत समोर यायची. १९८७ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर कसं दिसावं आणि वागावं याची जी नियमावली काढली, तिने एफ१ म्हणजे मदत हे पक्कं केलं.

खरा धंदा सुरू झाला १९९०च्या विंडोज ३.० सोबत. त्यात विनहेल्प नावाचा दर्शक होता. तो एका ठरावीक साच्याच्या, एचएलपी प्रकारच्या फाइली दाखवायचा. अडचण अशी की ती फाइल लिहायला मायक्रोसॉफ्टने लेखकासाठी वेगळं साधन दिलंच नव्हतं. दिला होता फक्त कंपाइलर, म्हणजे कच्च्या मजकुराची फाइल बांधून देणारा प्रोग्रॅम. कच्चा मजकूर आरटीएफ प्रकारात वर्डमध्ये लिहायचा आणि कंपाइलरला द्यायच्या सगळ्या सूचना तळटिपांमध्ये लपवायच्या!

म्हणजे असं. प्रत्येक टॉपिक नव्या पानावर, मध्ये सक्तीचा पेजब्रेक. टॉपिकच्या अगदी सुरुवातीला तळटिपा घालायच्या, पण नेहमीच्या आकड्यांऐवजी खास चिन्हांच्या. # च्या टिपेत टॉपिकची ओळखखूण, $ च्या टिपेत शीर्षक, ‘के’ या इंग्रजी अक्षराच्या टिपेत शोधशब्द, + च्या टिपेत पुढच्या-मागच्या पानांचा क्रम. लिंक करायची असेल तर शब्दाला दुहेरी अधोरेखा द्यायची आणि त्याला चिकटून, मध्ये एकही मोकळी जागा न सोडता, ज्या टॉपिकवर जायचं त्याची ओळखखूण लिहून ती अदृश्य मजकूर म्हणून दडवायची. अधोरेखा एकेरी दिली की लिंकऐवजी छोटी तरंगती चौकट उघडायची.

एक मोकळी जागा चुकून पडली की लिंक मेली. एक पेजब्रेक राहिला की दोन टॉपिक एकमेकांत मिसळले. चूक डोळ्यांना दिसायची नाही, कारण निम्मा मजकूर अदृश्यच. कंपाइल करा, त्रुटींची यादी वाचा, वर्डमध्ये शोधा, पुन्हा कंपाइल करा, असा दिवस जायचा.

या छळातून हेल्प ऑथरिंग साधनांचा जन्म झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लू स्काय सॉफ्टवेअर या कंपनीचं रोबोहेल्प आलं, डॉक-टू-हेल्प आलं. सुरुवातीला ही साधनं म्हणजे वर्डवर चढवलेला टूलबार होता. ‘नवा टॉपिक’ हे बटण दाबा, पेजब्रेक आणि तळटिपा ती स्वतः घालायची. यात गंमत अशी की आज ज्या सोयींचा गाजावाजा होतो त्यांचं बीज तिथेच होतं. विनहेल्पमध्ये * या चिन्हाची एक तळटीप होती. ती असलेला टॉपिक एखाद्या बांधणीत घ्यायचा की नाही, हे प्रोजेक्ट फाइलमध्ये ठरवता यायचं. आजच्या कंडिशनची ती आजीच.

एफ१ला पान कसं सापडतं?

हा भाग थोडा सावकाश वाचावा, कारण हेल्पचे सर्वाधिक घोळ इथेच होतात.

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक खिडकीला डेव्हलपर एक आकडा देतो, समजा छपाईच्या खिडकीला १०४२. हेल्प लिहिणारा आपल्या टॉपिकला एक ओळखखूण देतो, समजा ‘छपाई_मांडणी’. मग एक नकाशा-फाइल असते, तिच्यात लिहिलेलं असतं की १०४२ म्हणजे ‘छपाई_मांडणी’. एफ१ दाबलं की सॉफ्टवेअर फक्त ‘१०४२ दाखव’ एवढंच सांगतं. बाकीचं काम नकाशाचं. घराचा नंबर तोच राहतो, आत राहणारे बदलले तरी टपाल बरोबर पोहोचतं, तसं हे आहे. टॉपिकचं शीर्षक बदला, फाइलचं नाव बदला, नकाशा नीट असेल तर एफ१ चालतं.

बिघडतं कधी? डेव्हलपरने नव्या आवृत्तीत आकडे नव्याने वाटले आणि लेखकाला सांगितलं नाही, की छपाईच्या खिडकीतून पासवर्डचं पान उघडतं. नवी खिडकी आली पण नकाशात नोंद झाली नाही, की एकतर काहीच होत नाही किंवा मुखपृष्ठ उघडतं. यावर उपाय अगदी रुक्ष आहे. नकाशा-फाइल एकच असावी, ती सॉफ्टवेअरच्या कोडबरोबर राहावी, वापरलेला आकडा पुन्हा दुसऱ्या कशालाही देऊ नये, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीच्या आधी कुणीतरी सगळ्या खिडक्या उघडून एकेकदा एफ१ दाबावं. २०० खिडक्या असतील तर साधारण एका दिवसाचं काम. ते होत नाही म्हणून वापरणारा एकदा चुकीचं पान पाहतो आणि पुन्हा कधीच एफ१ दाबत नाही.

दर्शक गेला की मजकूरही जातो

१९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विनहेल्पच्या जागी एचटीएमएल हेल्प आणली. ही सीएचएम फाइल. आतून ती एक आख्खी छोटी वेबसाइट असते: एचटीएमएलची पानं, चित्रं, अनुक्रमणिका आणि सूची, सगळं दाबून एका डब्यात बसवलेलं. दाखवण्याचं काम इंटरनेट एक्स्प्लोररचं इंजिन करतं.

सुरुवातीच्या कोऱ्या चौकटीचं कारण हेच. आत वेबपानं असल्यामुळे विंडोज या फाइलकडे वेबसाइट म्हणूनच संशयाने पाहते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर ‘बाहेरून आलेली’ अशी खूण बसते, आणि खूण असेल तर आतली पानं दाखवायची नाहीत. २००५च्या सुरक्षा-दुरुस्तीनंतर सामायिक ड्राइव्हवरच्या सीएचएमलाही हाच नियम लागला. आणि # ? वेबच्या पत्त्यात # च्या पुढचा भाग म्हणजे पानाच्या आतली जागा. फोल्डरच्या नावात ते चिन्ह आलं की इंजिन पत्ता तिथेच तोडतं आणि पान सापडत नाही. अनुक्रमणिका मात्र दिसत राहते, कारण ती दाखवणारा भाग वेगळा.

देवनागरीत हेल्प देऊ पाहणाऱ्यांना सीएचएमने आणखी एक चिमटा काढला. पानांचा मजकूर युनिकोडमध्ये नीट दिसायचा, पण अनुक्रमणिका आणि सूची जुन्या कोड-पेजच्या, म्हणजे लिपीगणिक वेगळ्या अक्षर-तक्त्याच्या, पद्धतीवर चालायच्या, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसं कोड-पेजच नव्हतं. परिणामी उजवीकडे शुद्ध मजकूर आणि डावीकडे प्रश्नचिन्हांची रांग.

विनहेल्पचं काय झालं? विंडोज व्हिस्टापासून त्याचा दर्शक सोबत येणं बंद झालं. तो वेगळा उतरवून घ्यावा लागे. विंडोज १० साठी तोही मिळत नाही. दरम्यान मायक्रोसॉफ्टने ‘हेल्प २’ नावाची पुढची पिढी सर्वांसाठी आणायचं ठरवलं आणि २००३ मध्ये ते रद्द केलं. सन या कंपनीने १९९९ मध्ये जावा भाषेतल्या सॉफ्टवेअरसाठी जावाहेल्प आणली होती, तीही आता कुठे दिसत नाही. विंडोज १० च्या डेस्कटॉपवर एफ१ दाबलं तर ब्राउझर उघडून शोधनिकाल येतात.

या सगळ्यात साधन बनवणाऱ्या कंपन्याही हातोहात फिरल्या. ब्लू स्कायचं नाव ईहेल्प झालं, २००३ मध्ये ती मॅक्रोमीडियाने घेतली, २००५ मध्ये मॅक्रोमीडियाला अडोबीने. त्याच वर्षी ईहेल्पमधल्या जुन्या लोकांनी मॅडकॅप ही कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी फ्लेअर हे साधन आणलं. आज या क्षेत्रात रोबोहेल्प आणि फ्लेअर ही दोन नावं सर्वात परिचित, सोबत हेल्प अँड मॅन्युअलसारखी लहान पण नेटकी साधनं.

ज्यांनी मजकूर फक्त बांधलेल्या फाइलीत ठेवला होता, त्यांना प्रत्येक बदलात तो डबे फोडून काढावा लागला. ज्यांच्याकडे कच्चा मजकूर सुटा होता, त्यांनी फक्त आउटपुट बदललं. साधन निवडताना बहुतेक लोक ते काय काय बनवतं याची यादी पाहतात. पाहायला हवं ते वेगळंच: यातून बाहेर पडता येतं का?

एक्सएमएल की मार्कडाउन?

बाहेर पडण्याच्या या प्रश्नाला दोन उत्तरं निघाली, आणि दोन्हींचे भक्त एकमेकांकडे जरा तिरक्या नजरेने पाहतात.

पहिलं डीटा. आयबीएममध्ये जन्मलेली आणि २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने मानक म्हणून मान्य केलेली एक्सएमएलची पद्धत, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला तो काय आहे याची खूण लावायची. इथे टॉपिकचे मुख्य प्रकार तीन: संकल्पना, कृती, संदर्भ. कृतीच्या टॉपिकमध्ये पायरीच्या जागी पायरीच लिहावी लागते. ‘हे का करावं’ याचं प्रवचन मध्येच घुसवलं तर साधन अडवतं. मजकुराला रंगरूप काहीच नसतं, ते आउटपुटच्या वेळी चढतं. शेकडो मॉडेलं आणि वीसेक भाषा असलेल्या यंत्रसामग्रीच्या कंपन्यांना हे परवडतं, नव्हे, याशिवाय परवडत नाही. पाच जणांच्या कंपनीने डीटा घेणं म्हणजे सायकलच्या दुरुस्तीसाठी क्रेन मागवणं.

दुसरं उत्तर प्रोग्रॅमरांकडून आलं: कोड लिहितो तशीच हेल्प लिहू. जॉन ग्रुबरने २००४ मध्ये आणलेली मार्कडाउन ही साधी खूण-पद्धत, गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवलेल्या साध्या मजकूर-फाइली आणि त्यातून वेबसाइट बांधणारा प्रोग्रॅम. २००८चं स्फिंक्स त्यातलं जुनं, अर्थात त्याची मूळ खूण-पद्धत वेगळी आहे. फायदा मोठा आहे: डेव्हलपरने बटण बदललं की त्याच बदलाबरोबर हेल्पचं वाक्यही बदलून येतं, आणि कुणी काय कधी बदललं याची नोंद राहते. साध्या फाइली नोटपॅडमध्येही उघडतात, म्हणून बाहेर पडणंही सोपं.

तोटे मात्र फारसे सांगितले जात नाहीत. मार्कडाउनमध्ये स्निपेट, कंडिशन, व्हेरिएबल यांची मूळ सोय नाही. प्रत्येक साधनाने आपापली जोडली आहे आणि ती एकमेकांत चालत नाही. शिवाय एक छोटी चूक रोज होते. पायऱ्यांच्या यादीत बरेच लेखक प्रत्येक पायरीला १ हाच आकडा देतात, साधन पुढचे आकडे स्वतः मोजतं. तिसऱ्या पायरीखाली चित्र टाकलं आणि ते पायरीच्या मजकुराइतकं आत न सरकवता समासाला चिकटवलं, की यादी तिथेच तुटते आणि चौथी पायरी पुन्हा ‘१.’ म्हणून उभी राहते. चित्र पायरीच्या पहिल्या अक्षराच्या रेषेत घ्या, यादी जुळून येते.

भाषांतरात व्हेरिएबल कसं फसतं

इंग्रजीत लिहिणाऱ्याला व्हेरिएबल म्हणजे फुकटची सोय वाटते, कारण इंग्रजी नाव वाक्यात कुठेही टाका, त्याचं रूप तेच राहतं. मराठीत सामान्यरूप होतं. खिडकीचं नाव ‘साचा’ असेल आणि वाक्य ‘मध्ये जा’ असं असेल, तर साधन ‘साचामध्ये जा’ असं जोडून मोकळं होतं. हवं असतं ‘साच्यामध्ये’. यावर सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे मूळ वाक्यच असं लिहायचं की नावाला प्रत्यय लागू नये: ‘साचा’ या खिडकीमध्ये जा. ओझं ‘खिडकी’वर टाकायचं. ही खबरदारी मूळ मजकूर लिहितानाच घ्यावी लागते. भाषांतरकाराकडे फाइल जाईपर्यंत उशीर झालेला असतो.

पैशाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट महत्त्वाची. भाषांतराची साधनं आधी भाषांतरित झालेली वाक्यं साठवून ठेवतात आणि तेच वाक्य पुन्हा आलं की तयार भाषांतर देतात. मूळ वाक्यात एक स्वल्पविराम बदलला तरी ते ‘तंतोतंत तेच’ राहत नाही, आणि ५ भाषांमध्ये ते पुन्हा तपासायला जातं. म्हणून गरज नसताना शैली सुधारत बसणं महागात पडतं. चित्रांचंही तसंच. ६० स्क्रीनशॉट आणि ५ भाषा म्हणजे ३०० चित्रं, आणि रंगसंगती बदलली की सगळी शिळी. जिथे बटणाचं नाव सांगून भागतं तिथे चित्र नकोच.

‘पण हेल्प कुणी वाचतच नाही’

पुस्तकासारखी पहिल्यापासून वाचत नाही, हे खरं. अडलं की माणूस सर्च इंजिनमध्ये प्रश्न टाकतो आणि कुठल्यातरी मधल्याच पानावर येऊन पडतो. त्याला मागचं प्रकरण माहीत नसतं. म्हणून टॉपिक स्वतःच्या पायावर उभा हवा: हे कुठल्या आवृत्तीसाठी आहे, आधी काय केलेलं असावं, पायऱ्या, आणि झालं की स्क्रीनवर काय दिसेल. ‘मागे सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द दिसले की तो टॉपिक लंगडा समजावा.

व्हिडिओचा मुद्दाही निघतो. पहिल्यांदा ओळख करून द्यायला व्हिडिओ छान. पण सातवी पायरी विसरलेल्याला ४ मिनिटांच्या व्हिडिओत ती जागा शोधणं जिकिरीचं जातं, आणि एक बटण हललं की पाच सेकंदांचा तुकडा बदलण्यासाठी अख्खं चित्रण पुन्हा काढायची वेळ येते.

मग हेल्प सॉफ्टवेअरच्या आतच का दाखवू नये? दाखवावी, पण ही कल्पना नवी नाही. ॲपलने १९९१च्या सिस्टिम ७ मध्ये फुग्यांतली मदत दिली होती, पुढे ॲपल गाइड तर पुढच्या बटणाभोवती स्क्रीनवरच लाल वर्तुळ काढायचं. ऑफिस ९७ मधली डोळे असलेली पेपरक्लिप तर सर्वांना आठवत असेल, न विचारता टपकणारी. तुम्ही पत्र लिहिताय असा तिचा अंदाज बरोबर असला तरी आपण मध्ये बोलावं की नाही हे तिला कळत नव्हतं. ऑफिस २००७ मध्ये ती गेली. आजच्या चॅटबॉटच्या रचनाकारांनी तिचा फोटो टेबलावर ठेवायला हरकत नाही.

चॅटबॉट हेल्प वाचतो म्हणजे काय करतो?

एआय मॉडेलला तुमच्या सॉफ्टवेअरची जन्मतः माहिती नसते. म्हणून आधी शोध, मग उत्तर अशी पद्धत वापरतात. २०२० पासून तिला आरएजी या नावाने ओळखतात. हेल्पच्या सगळ्या पानांचे काहीशे शब्दांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याचा अर्थ आकड्यांच्या लांबलचक रांगेत मांडून ठेवतात. प्रश्न आला की त्याचीही तशीच रांग बनते, तिच्या सर्वात जवळचे चार-पाच तुकडे काढले जातात आणि ‘यांच्या आधारे उत्तर दे’ म्हणून मॉडेलच्या हाती दिले जातात. पुस्तकं उघडी ठेवून परीक्षा द्यावी तसं. पण पुस्तक नव्हे, फाडलेली चार पानं.

हे एकदा कळलं की चुकांची कारणंही दिसू लागतात. लांबलचक तक्ता मधोमध तुटला की खालच्या तुकड्यात आकडे राहतात, त्यांचे मथळे वरच राहतात, आणि चॅटबॉट मेगाबाइटला मिनिटं म्हणून सांगतो. ‘वरीलप्रमाणे करा’ असलेल्या तुकड्याला ‘वर’च नसतं. जुन्या आणि नव्या आवृत्तीची पानं एकत्र दिली असतील तर उत्तरात दोन पायऱ्या जुन्या आणि तीन नव्या येतात. वाचायला अगदी झकास, करायला अशक्य. एकच स्निपेट २५ पानांत उमटलेलं असेल तर शोधात तोच तुकडा चार वेळा वर येतो आणि खरं उत्तर मागे पडतं.

सर्वात फसवी चूक कंडिशनची. साधनाच्या आत ‘फक्त टॅबलेट’ ही खूण आहे, पण वेबपान बांधताना ती पुसली जाते. चॅटबॉटला फक्त वाक्य दिसतं, ते कुणासाठी आहे हे नाही. ‘फक्त अंतर्गत वापरासाठी’ अशी खूण असलेला मजकूर तर कधीकधी कच्च्या फाइलींतून थेट बाहेर जातो. म्हणून चॅटबॉटसाठी वेगळं आउटपुट काढावं: प्रत्येक टॉपिकच्या माथ्यावर आवृत्ती, उपकरण, वाचक आणि ओळखखूण साध्या शब्दांत लिहिलेली, स्निपेट एकदाच, आणि मोठे तक्ते फोडून प्रत्येक भागावर मथळ्यांची ओळ पुन्हा घातलेली.

‘एआयच लिहील की सगळं!’

मसुदा लिहील, आणि बराच चांगला लिहील. लांब वाक्यं तोडणं, पर्यायी शीर्षकं सुचवणं, डेव्हलपरच्या टिपणांतून पहिला आराखडा काढणं, ही कामं त्याला खुशाल द्यावीत. फसतो तो तपशिलात. ‘सेटिंग्ज उघडा, ॲडव्हान्स्डमध्ये जा, एक्स्पोर्ट निवडा’ हे इतकं नेहमीचं वाटतं की प्रत्यक्षात ‘ॲडव्हान्स्ड’ असं काही तिथे नाही, हे वाचताना लक्षातच येत नाही. त्यामुळे लेखकाचं काम लिहिण्याकडून तपासण्याकडे सरकतं आहे: मसुदा हातात घ्यायचा, सॉफ्टवेअरच्या ताज्या बिल्डवर नवं खातं उघडायचं आणि लिहिल्याबरहुकूम एकेक पायरी करायची, मनाने काहीही न भरता. लेखकाच्या स्वतःच्या खात्याला सगळे अधिकार असतात, म्हणून साध्या वापरणाऱ्याला न दिसणारी बटणं त्याला दिसतात. नव्या खात्याचा आग्रह यासाठीच.

साधन घ्यायचंच असेल तर

जाहिरातीतली यादी बाजूला ठेवा आणि चाचणीची प्रत घेऊन स्वतःचे १० टॉपिक त्यात घाला. सोपे नकोत. सर्वात वाईट तक्ता, चित्रं असलेल्या पायऱ्या, दोन कंडिशन, एक स्निपेट, दहा एफ१ आकडे, असा कठीण माल घ्या. वेब आणि पीडीएफ काढून पाहा. वेबचं आउटपुट सर्व्हरवर न ठेवता थेट डिस्कवरूनही उघडा. ब्राउझर स्थानिक फाइलींवर बरीच बंधनं घालतात, त्यामुळे काही साधनांच्या हेल्पमध्ये शोध किंवा अनुक्रमणिका तिथे चालत नाही. ग्राहकाकडे इंटरनेट नसेल तर हे आधी कळलेलं बरं.

मग उलटा प्रवास करा. सगळं बाहेर काढा आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडा. मजकूर वाचता येतो का, ओळखखुणा शाबूत आहेत का, कंडिशनच्या खुणा कुठे गेल्या, चित्रांची नावं तीच आहेत की ‘इमेज००१७’ झाली? ओळखखुणा हरवल्या तर सगळं एफ१ हाताने पुन्हा जोडावं लागेल, आणि बाहेरून येणाऱ्या लिंकाही तुटतील. फक्त वेबवर चालणाऱ्या साधनांना आणखी एक प्रश्न विचारा: वर्गणी थांबवली तर मजकूर किती दिवस आणि कुठल्या प्रकारात मिळतो?

चॅटबॉट जोडलेला असेल तर पहिल्या महिन्यात त्याच्या उत्तरांपेक्षा त्याला न आलेल्या प्रश्नांची नोंद जास्त उपयोगी पडते. त्या नोंदीत तीन ढीग करा. टॉपिकच नाही असे प्रश्न लेखकाकडे. टॉपिक आहे, पण लोक वेगळ्या शब्दांत विचारतात, असे प्रश्न शीर्षक आणि शोधशब्द बदलण्यासाठी. आणि टॉपिक आहे, शब्दही तेच आहेत, तरी लोक तेच पुन्हा पुन्हा विचारतात, असा ढीग सरळ डेव्हलपरकडे. तिथे दुरुस्ती हेल्पमध्ये नाही, त्या खिडकीतच करायची असते.